खेळबाईंचा अंगठा

रुग्णालयाच्या तळमजल्यावर, एक्स-रेची खोली ओलांडून पुढे गेलं की कॉरिडॉर जिथे संपतो तिथे एक दार होतं. दारावर पाटी होती, 'व्यवसायोपचार विभाग'. ती वाचून वर्षाकाठी चार-पाच माणसं तरी आत डोकावून विचारायची, "नोकरीचे अर्ज इथेच घेतात का?" आत पाहावं तर जमिनीवर गाद्या पसरलेल्या, छताला झोपाळा टांगलेला, कोपऱ्यात कमरेएवढा निळा चेंडू, आणि सत्तावन्न वर्षांच्या एक बाई गुडघ्या-हातांवर रांगत कुणाच्या तरी पोराला हुलकावणी देतायत. विचारणारा ओशाळून दार लावून घ्यायचा.

सगळं रुग्णालय त्यांना खेळबाई म्हणायचं. हे नाव अंगाला इतकं चिकटलं होतं की फोनवर कुणी खरं नाव घेतलं तर बाईच विचारायच्या, "कोण हवंय?"

एकोणतीस वर्षं त्यांनी हेच केलं. तोल न सांभाळणारी, पेन्सिल न धरता येणारी, अपघातातून उठलेली, जन्मापासूनच एक बाजू ताठ असलेली मुलं त्यांच्याकडे यायची. अशा मुलाला 'हात वर कर' म्हटलं की ते हात पोटाशी घट्ट धरतं. पण डोक्यावर फुगा सोडला की तोच हात आपसूक वर जातो. एवढ्या एका गोष्टीवर बाईंचं सगळं काम उभं होतं. स्पंज पिळून एका बादलीतलं पाणी दुसरीत न्यायचं, म्हणजे मुठीला जोर येतो. मणी ओवायचे, म्हणजे चिमटीला वळण लागतं. बोगद्यातून रांगायचं, म्हणजे खांदे तयार होतात. बाईंच्या वहीत पानाच्या मधोमध एक रेघ असायची. डावीकडे खेळ, उजवीकडे तो कशासाठी. मुलांनी फक्त डावी बाजू बघायची, उजवी बाजू बाईंनी सांभाळायची.

काम सोपं दिसायचं, हीच त्यातली मोठी पंचाईत. वरच्या मजल्यावरचे डॉक्टर जिन्यात भेटले की म्हणायचे, "तुमचं बरंय बाई, दिवसभर खेळायचं!" बाई हसायच्या. घरी त्यांची थोरली बहीण होती, शाळेतल्या कारकुनीतून निवृत्त झालेली. दोघींनी लग्नं केली नव्हती आणि त्याबद्दल आता कुणी विचारतही नव्हतं. बाई संध्याकाळी घरी येऊन दारातल्या खुर्चीत बसायच्या आणि पंधरा मिनिटं चपलासुद्धा काढायच्या नाहीत. ताई आतून विचारायची, "आज किती गोल केलेस गं?" दिवसभर हसून बाईंचे गाल दुखायचे, आणि घरी आल्यावर त्या गालांना काही काम उरायचं नाही.

शिवाय अंगठा होता. उजव्या अंगठ्याच्या मुळाशी तीन वर्षांपासून ठणका लागला होता. हजारो मुलांची आखडलेली बोटं त्याच अंगठ्याने दाबून दाबून उलगडली होती, त्याची झीज व्हायचीच. बरणीचं झाकण आता ताई उघडायची. कुलूप बाई डाव्या हाताने उघडायच्या. रुग्णालयात कुणाला सांगितलं नव्हतं. दुसऱ्यांच्या हातांना आधाराचं स्प्लिंट बनवून देणाऱ्या बाईने स्वतःच्या हाताचं रडगाणं कुणापुढे गायचं?

अशा वेळी मुंगी आली.

सहा वर्षांची, अंगाने किडकिडीत, आणि सदान्‌कदा काहीतरी उचलून नेणारी, म्हणून आजोबांनी ठेवलेलं नाव. आजोबांचं इस्त्रीचं दुकान होतं. मुंगीचा बाप ती रांगत असतानाच गेला होता, आई दुसऱ्या शहरात कारखान्यात होती आणि महिन्यातून एकदा यायची. तेव्हा मुंगी आजोबांच्या दुकानातच वाढली. पाच महिन्यांपूर्वी आजोबा गिऱ्हाइकाला कपड्यांचं बोचकं द्यायला वळले, तेवढ्यात मुंगीने बाहुलीचा फ्रॉक टेबलावर पसरला आणि सुरकुत्या गेल्या का ते बघायला उजवा तळवा सरळ तापलेल्या इस्त्रीवर ठेवला.

जखम भरली होती. पण भरताना कातडी जाड, लाल आणि आखूड झाली होती, आणि चारही बोटं तळव्याकडे ओढली गेली होती. सर्जनने चिठ्ठीत लिहिलं होतं : आधी व्यायाम; फरक नाही पडला तर ऑपरेशन.

"ऑपरेशन नको," आजोबा पहिल्याच दिवशी म्हणाले. ते दाराशीच उभे होते, आत गादीवर पाय ठेवायला संकोचत. "आणि बाई, तिला रडवू नका. फार रडलीय ती."

"इथे कुणी रडत नाही, आजोबा. इथे खेळतात."

हे वाक्य बाई इतक्यांदा बोलल्या होत्या की त्याचा आवाज त्यांच्या स्वतःच्या कानांपर्यंत पोचत नव्हता.

त्यांनी मुंगीच्या हाताला मलम चोळलं, मग पट्टी घेतली. हाताची मागची बाजू टेबलावर टेकवली की बोटांची टोकं टेबलापासून किती वर राहतात ते मोजायचं. चार सेंटीमीटर. गरम पाण्यात मऊ केलेल्या प्लास्टिकच्या पत्र्याचं स्प्लिंट बनवलं. झोपताना हात त्यात बांधायचा, म्हणजे बोटं उघडी राहतात. मग खेळ सुरू. साबणाचा फेस भिंतीवर तळव्याने फासायचा. पिठाचा गोळा थापून सपाट करायचा. रंगात हात बुडवून कागदावर ठसे उठवायचे. पंधरा दिवस मुंगी मुकाट्याने सगळं करत गेली. बोटं साडेतीनवर आली.

तिसऱ्या आठवड्यात, ठसे उठवता उठवता ती थांबली.

"हा खेळ नाहीये," ती म्हणाली.

"अगं, खेळच तर आहे! बघ, निळा पंजा झाला, आता—"

"नाही. तुम्ही चित्राकडे बघतच नाही. तुम्ही माझ्या हाताकडेच बघता."

एकोणतीस वर्षांत मुलांनी बाईंना चावलं होतं, लाथ मारली होती, अंगावर ओकारी केली होती. पण वहीची उजवी बाजू अशी कुणी वाचून दाखवली नव्हती.

मुंगीने रंगातला हात फ्रॉकला पुसला आणि पाठीमागे लपवला. त्या दिवशी तिने काही केलं नाही. बाईंनी कसाबसा हात मोजला, आणि पट्टीवर आकडा साडेचारचा आला. सुरुवातीपेक्षाही वाईट. तळव्याकडे नीट पाहिलं, मनगटाकडे पाहिलं. रात्रभर स्प्लिंट बांधलं की पट्ट्याची पुसट खूण राहते. मनगट कोरं होतं.

"आजोबा, स्प्लिंट लावता ना?"

आजोबांनी छताकडे पाहिलं. "लावतो."

"रात्रभर?"

"लावतो... मग ती कण्हते झोपेत. मग काढतो. बाई, ऐकवत नाही हो."

सकाळपासून नऊ मुलं झाली होती, दहावं दारात रडत होतं, अंगठ्यातून कळ कोपरापर्यंत गेली होती आणि कानात मुंगीचं वाक्य होतं. बाईंच्या तोंडून गेलं, "चटका बसला तेव्हा तुमची पाठ वळलेली होती, ते आपण समजू शकतो. पण आता तर डोळ्यांदेखत तुम्हीच तिचा हात बंद करताय."

बोलून झाल्यावरच ते त्यांना ऐकू आलं. वाकून आजोबांनी मुंगीच्या चपला तिच्या पायांत सरकवल्या, डावी उजवीत आणि उजवी डावीत, आणि तशाच घालून तिला घेऊन गेले.

पुढच्या तारखेला ते आले नाहीत. त्याच्या पुढच्याही नाही.

यात नवीन काही नव्हतं. येणारी निम्मी मुलं मधेच सुटायची. बाई त्यांच्या नावापुढे 'गैरहजर' लिहायच्या आणि तिसऱ्या खेपेला फाइल कपाटात जायची. मुंगीच्या नावापुढे तिसऱ्यांदा गैरहजर लिहिताना पेन चालेना. अंगठा दुखत होता, हेही खरं.

घरी त्यांनी ताईला सांगितलं. ताई भाजी निवडत होती, तिने मान वर केली नाही.

"खरं बोलली की पोरगी. तुला शेवटचं खेळताना मी कधी पाहिलं?"

"रोज खेळते मी."

"ते जाऊ दे. मुलांशी खेळताना जिंकलीस कधी?"

बाईंनी आठवून पाहिलं. जिंकायचा प्रश्नच कुठे होता? मुलाचा हुरूप वाढावा म्हणून आपण हरायचं असतं. शिकतानाच ते शिकवतात. हिशेब केला तर एकोणतीस वर्षांत त्या एकही डाव जिंकल्या नव्हत्या.

"आणि लहानपणी?" ताई म्हणाली. "हरलीस की पट उधळून द्यायचीस. मी अजून विसरले नाहीये."

शनिवारी अर्धा दिवस असायचा. फाइलवर पत्ता होताच. बाई बसमधून चुकून दोन स्टॉप अलीकडे उतरल्या आणि विचारत विचारत दुकानापर्यंत गेल्या.

दुकान म्हणजे एक अरुंद खोली, रस्त्याच्या बाजूने पूर्ण उघडी. मधे जाड कांबळं अंथरलेलं टेबल, मागे दोरीवर हँगरचे शर्ट, एका बाजूला चुरगळलेल्या कपड्यांचा ढीग आणि दुसऱ्या बाजूला घड्यांची चळत. वाफेचा आणि गरम सुताचा वास. आजोबांनी त्यांना पाहिलं, हातातली पँट पूर्ण केली, इस्त्री उभी ठेवली, बटण बंद केलं, वायर गुंडाळून वर खुंटीला अडकवली. एवढं सगळं झाल्यावर म्हणाले, "बसा."

बाई स्टुलावर बसल्या. "त्या दिवशी मी फार बोलले. चुकलं माझं."

"खोटं नाही बोललात."

"खरं होतं म्हणून बोलायलाच हवं होतं असं थोडंच आहे?"

आजोबांनी त्यावर मान हलवली, होय की नाही ते कळलं नाही. "मी आता असंच करतो," ते खुंटीकडे बोट दाखवून म्हणाले. "पाठ वळवायची म्हटली की आधी वायर काढतो. दिवसातून शंभरदा. काम निम्म्यावर आलंय. गिऱ्हाईक हसतं." मग खुंटीवरची वायर नीट करत, "दमायला होतं हो बाई."

"मलाही," बाई म्हणाल्या. रुग्णालयाच्या बाहेरच्या माणसाला हे त्या पहिल्यांदाच सांगत होत्या. आतल्यांनाही कधी सांगितलं नव्हतं म्हणा.

टेबलाखाली हालचाल झाली. मुंगी तिथे चादरींच्या गठ्ठ्यावर बसली होती, समोर लाकडी चिमट्यांचा डबा घेऊन. कपड्यांना गिऱ्हाइकाच्या नंबराची चिठ्ठी लावायचे चिमटे. ती डाव्या हाताने चिमटे उघडून टेबलाच्या पायाला रांगेने लावत होती. एक चिमटा घरंगळत बाईंच्या पायाशी आला. बाईंनी वाकून उचलला आणि सवयीने उजव्या हाताने दाबला. कळ अशी गेली की चिमटा हातातून सुटला.

"तुम्हाला येत नाही?" टेबलाखालून आवाज आला.

"नाही येत. अंगठा दुखतो."

"खोटं."

"बघ हवं तर."

मुंगी बाहेर आली. तिने बाईंचा हात दोन्ही हातांत घेतला, आखडलेल्या बोटांच्या कडांनी उलटा-पालटा केला, अंगठ्याच्या मुळाशी आलेला टणक उंचवटा दाबून पाहिला. बाईंनी ओठ आवळले.

"इथे?"

"हां. हळू."

"चटका बसला?"

"नाही. जास्त वापरला."

मुंगीने विचार केला. दुखरा हात असण्याचा एकटीचा मान गेला याचं वाईट वाटलं की बरं वाटलं, ते चेहऱ्यावरून समजेना. मग ती म्हणाली, "उजव्या हाताने, कोण जास्त लावतं?"

नियम मुंगीनेच केले. डबा मधे. आजोबांनी एक शर्ट इस्त्री करायचा; शर्ट होईपर्यंत आपापल्या बाहीला चिमटे लावायचे; डावा हात पाठीमागे. आजोबांनी वायर लावली, इस्त्री तापायची वाट पाहिली आणि "चला" म्हणाले.

पहिल्या अर्ध्या मिनिटात बाई नेहमीसारख्या हळू चालल्या. मग मुंगीने सरळ त्यांच्या बाहीवरचा चिमटा खेचून स्वतःला लावला. आणि बाईंना राग आला. खरा, लहानपणीसारखा, कानशिलं तापवणारा राग. अंगठा कामाचा नव्हता, म्हणून त्यांनी तर्जनी आणि मधलं बोट यांच्यात चिमटा धरून दाबायची युक्ती काढली, आणि सटासट लावत सुटल्या. मुंगीची बोटं तळव्याकडून वळेनात. तिने हात टेबलाच्या कडेवर दाबून बोटं मागे रेटली, जेवढी बाईंनी पंधरा दिवसांत कधी रेटली नव्हती, आणि त्या फटीत चिमटा अडकवला. बाईंच्या ते लक्षात आलं नाही. त्या स्वतःचे चिमटे मोजत होत्या.

"झाला शर्ट," आजोबा म्हणाले.

अकरा आणि सात. बाई जिंकल्या होत्या.

मुंगीचा खालचा ओठ बाहेर आला. आजोबा घाबरून म्हणाले, "अहो बाई, लहान आहे ती—"

"मी लहान नाहीये!" मुंगी किंचाळली. डोळ्यांत पाणी, पण हात डब्यात. "परत! आजोबा, मोठा शर्ट घ्या!"

सोमवारी ती तारीख नसताना आली.

त्यानंतर सात महिने ती आठवड्यातून दोनदा येत राहिली. 'तुम्ही'वरून ती 'तू'वर कधी आली ते दोघींच्याही लक्षात राहिलं नाही. चिमट्यांवरून गाडी पत्त्यांवर गेली, पत्त्यांवरून दोरीने वस्तू ओढण्यावर. बाई जिंकायच्या, हरायच्या, भांडायच्या. वहीत त्या दोन्ही रकाने भरत, पण मुंगी गेल्यावर. इतर मुलांशी मात्र त्या पूर्वीसारख्याच हरत राहिल्या. प्रत्येकाशी खरं खेळण्याइतकी ताकद उरली नव्हती, आणि काहींना हरवलं असतं तर ती पुन्हा उठलीच नसती.

स्प्लिंटचं भांडणही मुंगीनेच मिटवलं. "तुझ्या अंगठ्याला का नाही बांधत?" तिने विचारलं. शेकडो जणांच्या अंगठ्यांना बाईंनी स्प्लिंट बांधलं होतं. तेव्हा करार झाला : दोघींनी झोपताना बांधायचं. दोनच दिवसांनी मुंगीने आल्या आल्या बाईंचा हात ओढून घेतला.

"लावलं होतंस?"

"हो तर."

"खोटारडी. पट्ट्याची खूण कुठाय?"

बाईंनी आजोबांकडे पाहिलं. आजोबांनी छताकडे पाहिलं. पण या वेळी त्यांच्या मिशा हलत होत्या. त्या दिवसापासून बाई लावू लागल्या. ताई म्हणायची, "आता झोपेतही खेळ चालू का?" ठणका पूर्ण गेला नाही, पण बरण्या मात्र उघडू लागल्या.

मुंगी मधूनमधून रडायचीच. दुखायचं तेव्हा दुखायचं. खेळाने दुखणं जात नाही, फक्त त्याच्या पलीकडे जायचं एक कारण मिळतं. काही दिवशी कारण पुरायचं नाही. मग दोघी गादीवर आडव्या पडून छताच्या झोपाळ्याची कडी बघत राहायच्या, आणि दारातला पुढचा पेशंट ताटकळायचा.

सातव्या महिन्यात आकडा एकवर आला आणि तिथेच अडला. करंगळी काही केल्या सरळ होईना. सर्जनने करंगळीपुरतं लहानसं ऑपरेशन केलं. आजोबा बाहेर बाकावर बसले होते. बाईंना सुट्टी मिळाली नाही, पण चहाच्या वेळेत त्या दहा मिनिटं शेजारी येऊन बसल्या. करंगळी अर्धी सुधारली. टोक वाकडंच राहिलं, आणि सर्जन म्हणाले, ते आता तसंच राहील, वाढीच्या वयात पुन्हा बघू.

मग मुंगीची शाळा सुरू झाली. तारखा आधी पंधरवड्यावर, मग महिन्यावर गेल्या, आणि एकदा सहामाही परीक्षेमुळे जी चुकली ती पुन्हा लागलीच नाही. निरोप असा झालाच नाही.

बाईंच्या निवृत्तीला तीन आठवडे उरले असताना आजोबा एकटेच आले. हातात एक वही होती.

"तुम्हाला दाखवायला म्हणून आणली," ते म्हणाले. "शाळेतल्या बाईंनी शेरा दिलाय. अक्षर सुंदर म्हणून."

बाईंनी चष्मा लावला. खरंच मोत्यासारखं अक्षर होतं. गोल, एकसारखं. रेघेवर बसलेलं. पण अक्षरांचा कल त्यांच्या लक्षात आला, आणि त्यांनी पान तिरकं धरलं.

"आजोबा, कुठल्या हाताने लिहिते ती?"

आजोबांचा चेहरा पडला. हे विचारू नये अशी त्यांची इच्छा असावी. "डाव्या. ते पाच-सहा महिने उजवा हात नव्हता ना, तेव्हा डाव्याची सवय लागली. मी सांगून पाहिलं, शाळेतही सांगितलं. ऐकत नाही. म्हणते, हाच हुशार आहे." ते गडबडीने पुढे म्हणाले, "तुम्ही एवढी मेहनत घेतली, आणि..."

बाई वहीकडे बघत राहिल्या. सात महिने, दोन रकाने, साडेचारचे एक. मग त्यांना हसू यायला लागलं, थकलेलं, पोटातल्या पोटात येणारं. त्यांनी चष्मा काढून डोळे पुसले.

"आणि उजव्या हाताचं काय करते लिहिताना?"

आजोबांनी आठवलं. स्वतःचा हात टेबलावर ठेवून त्यांनी करून दाखवलं : तळवा पसरलेला, बोटं उघडी, करंगळी जरा वर. "असा ठेवते. वही सरकू नये म्हणून दाबून धरते."

"सपाट?"

"सपाट."

"मग झालं," बाई म्हणाल्या आणि वही त्यांना परत दिली.

आजोबा गेल्यावर त्यांनी कपाटातून मुंगीची फाइल काढली. शेवटचा रकाना रिकामा होता. त्यांनी लिहिलं, 'उजवा तळवा पूर्ण टेकतो. डाव्या हाताने लिहिते.' खाली सही केली. दारात एक आई दोन वर्षांच्या पोराला कडेवर घेऊन उभी होती आणि पाटी पुन्हा पुन्हा वाचत होती.

"या, आत या," बाई म्हणाल्या. "चपला तिथेच काढा."